तळपायांना ऐकू आलेलं गाणं

त्या सकाळी उठले तेव्हा घर मुकं झालं होतं. सासूबाईंचे ओठ हलत होते, गॅसवर कुकर थरथरत होता, पण आवाज कशाचाच नव्हता. डावा कान लहानपणी फुटल्यापासून तसाही कामाचा नव्हता. आता रात्रीत उजवाही गेला. कल्याणच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि कागदावर लिहून समजावलं, कान परत येईल की नाही ते आज सांगता येत नाही. मी शहापूरला घरी येऊन भिंतीला टेकून बसले. रडूसुद्धा आलं नाही, इतकी सुन्न झाले होते.

वाचणाऱ्याला हसू येईल, पण माझं मन ज्या गाण्यांत रमायचं ती देवाची गाणी नव्हती. कॉलेजात असताना एका मैत्रिणीनं एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडची कॅसेट दिली होती. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, सात मात्रांत चालता चालता मध्येच पाचांत शिरणारं. भातलावणी, बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण, सगळ्यांतून त्याच गाण्यांनी मला तारून नेलं. देव्हाऱ्यापुढे डोळे मिटले की मन भरकटायचं. ही गाणी लागली की एका जागी बसायचं. आणि आता तोच बँड पहिल्यांदाच आमच्या भागात, मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याच्या वाटेवरच्या एका माळावर येणार होता, तर देवानं नेमका कान नेला. सासूबाईंनी म्हशाच्या देवळात जाऊन नारळ ठेवायला सांगितलं. मी तोंड फिरवलं. ज्यानं हे केलं त्याच्या दारी कशाला जायचं, असं वाटत होतं.

कार्यक्रमालाही जायचं नव्हतं. यजमानांना त्या संगीतातलं काही कळत नाही, पण गाडी त्यांनीच काढली. कानाशी तोंड आणून ओरडले, ते कसंबसं पोचलं, “ऐकू नाय आलं तरी बघशील तरी. चल गो.”

दुपार कलली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून कानांत बोळे घालून मी गर्दीच्या पार मागे उभी राहिले. समोर माझी माणसं, आता केस पिकलेली, तल्लीन होऊन वाजवत होती. लोक डोलत होते. माझ्यापर्यंत पोचत होती नुसती एक दबकी घरघर. तेव्हा मात्र रडू फुटलं.

कोणीतरी माझं मनगट धरलं. साठीच्या पुढची, नऊवारीतली एक बाई होती. माझ्या कानांतल्या बोळ्यांकडे बघून तिनं मला कडेला नेलं. तिथं वयस्कर माणसांना बसायला लाकडी फळ्यांचा ओटा केला होता. तिनं माझ्या चपलांकडे बोट दाखवलं. मी त्या काढल्या, फळीवर पाय ठेवला आणि दचकून मागे सरले.

फळी वाजत होती. पुन्हा पाय ठेवला. टाचेतून ठोका शिरला, पोटऱ्यांतून वर चढला. सात. पुन्हा सात. मी गाणं ओळखलं, आणि ओळख पटताच सूर, शब्द, सगळं आतूनच येऊन त्या ठोक्यावर बसलं. बाई शेजारी मांडीवर बोटांनी ताल धरून होती. सातांचे पाच झाले, तेव्हा तिचं बोट माझ्याआधी वळलं. ही माझ्याहून मोठी चाहती, असं समजून मी खुणेनं कौतुक केलं, तर तिनं कानाला हात लावला आणि तो नकारार्थी हलवला. मागे तिची मुलगी बसली होती. तिला विचारून, मागोमाग आलेल्या यजमानांनी मोबाइलवर लिहिलं, “जन्मापासून बहिरी आहे. मुलगी इथल्या मांडवाच्या कामाला आहे, तिच्याबरोबर आलीये.”

त्या गाण्यात एक जागा आहे, तिथं सगळी वाद्यं एकदम थांबतात. फळी निपचित झाली. मी वळून पाहिलं, तर सगळा माळ श्वास रोखून उभा. त्या वेळी तिथल्या प्रत्येकाला तेवढंच ऐकू येत होतं, जेवढं मला आणि तिला. त्या शांततेत मला कोणाची तरी अगदी जवळची सोबत जाणवली. ते काय होतं, मला सांगता येणार नाही. पुढचा ठोका पडला तेव्हा मी फळ्यांवर खाली बसलेली होते.

कार्यक्रम आटोपला तेव्हा अजून उजेड होता. चहा घेताना बाईनं हातवारे करून मुलीला काही सांगितलं. मुलगी संकोचली. तिचं बोलणं यजमानांनी जसंच्या तसं लिहून दाखवलं, “आईला ठोका कळतो. पन मानूस गातो म्हंजे काय करतो, ते विचारते ती.”

इतके दिवस मी देवाला जाब विचारत होते. या बाईला गाणं ऐकणं कधी मिळालंच नव्हतं, आणि मला आयुष्यभर न मागता मिळत आलं होतं. त्यासाठी मी कधी साधे हातही जोडले नव्हते.

शब्दांत काय सांगणार? मी तिचा तळवा उचलून माझ्या गळ्यावर ठेवला आणि गायले. स्वतःचा आवाज मला कळत नव्हता. सूर कुठे चालला होता, देव जाणे. तिचे डोळे विस्फारले.

पुढे उजवा कान थोडाफार उघडला. गोळ्यांनी की आणखी कशानं, या वादात मी पडत नाही. जेवढं येतं तेवढं घेते, आणि उद्या तेही गेलं तर त्याची मर्जी, असं आता मनापासून म्हणता येतं. पण माझ्यावर कृपा कधी झाली असं कोणी विचारलं, तर मी कानाचं सांगत नाही. त्या दिवशी माझं गाऊन झाल्यावर त्या बाईनं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला होता. यजमान सांगतात, आसपासची माणसं वळून बघायला लागली. मी काही ऐकलं नाही. माझ्या बोटांखाली ती गात होती.