धरायचं बटण, सोडायचं बटण

लालबागच्या सुशांत परबची नोकरीच संशय घेण्याची होती. परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये बसून तो बाजारात न आलेले व्हिडिओ गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायचा. ऐकणाऱ्याला हेवा वाटावा असं काम. पण एकच भिंत दिवसभर चढून बघा, म्हणजे कळेल. त्याचा स्वभाव मुळातच शंकेखोर. भाजीवाल्यानं हसून कोथिंबीर जास्त दिली, तरी हा जुडी सोडून आतली पानं बघणार.

गेले आठ महिने त्याच्यामागे एक भलामोठा गेम लागला होता. अख्खं शहर मोकळं, कुठेही जा, कशावरही चढा. नायक छपरांवरून उड्या मारत जायचा आणि तिथेच घोळ होता. कठडा धरायचं बटण आणि सोडायचं बटण एकच! धरताना अंगठा बटणावर जरा जास्त राहिला, की गडी हात सोडून थेट खालच्या कालव्यात. सुशांतनं पहिल्याच आठवड्यात तक्रार नोंदवली. त्याचा वरिष्ठ हर्षवर्धन यानं 'असं काही होत नाही' म्हणून ती बंद केली. सुशांतनं पुन्हा उघडली, त्यानं पुन्हा बंद केली.

शेवटी हर्षवर्धन म्हणाला, "चल, शुक्रवारी सगळ्यांसमोर पडून दाखव. पण मुद्दाम बटण दाबून धरायचं नाय हां, नेहमीसारखं खेळ. तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं पण तेव्हाच बघू."

शुक्रवारी सुशांत पडलाच नाही. छपरांमागून छपरं गेली, कठड्यामागून कठडे गेले, नायकाचा हात एकदाही सुटला नाही. "स्मूथ आहे की रे," मागून कुणीतरी म्हणालं. सुशांतचे कान लाल झाले. हर्षवर्धननं सोमवारपर्यंत मुदत दिली आणि वर त्याच्यासाठी चहा मागवला.

त्या चहानं तर सुशांतची खात्रीच पटली. यानंच गुपचूप दुरुस्ती करून घेतली, आपल्याला खोटं पाडायला. त्यानं गेमची आवृत्ती तपासली, ती जुनीच निघाली. मग आवृत्तीचा आकडाच बदलला असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. घरी जाताना त्यानं हर्षवर्धनची आठ महिन्यांतली एकेक गोड वागणूक आठवून काढली आणि प्रत्येकीत त्याला काळंबेरं दिसलं.

शनिवारी घरी ऑफिसच्या लॅपटॉपवर तो तोच रस्ता खेळत बसला. तरीही पडेना. वैतागून त्यानं गेम खेळायचा रिमोट शेजारी वाटाणे सोलत बसलेल्या आईच्या, कमलताईंच्या हातात दिला. त्या पहिल्याच कठड्यावरून कालव्यात गेल्या. पुन्हा गेल्या.

"मेल्या, ह्यो परत पडलो!"

"अगं आई, हात कठड्याला लागायच्या आधीच अंगठा उचलायचा!" सुशांत खेकसला.

"ह्या तुका कोणी सांगला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सुशांत आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. तो कधीपासून आधीच उचलला जात होता, याचा त्याला पत्ताही नव्हता. मग त्यानं आईचं पडणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं.

सोमवारी वाटलं, सरळ पडल्याचं नाटक करावं. चूकही सिद्ध झाली असती आणि नोकरीही टिकली असती. पण खोटा पुरावा द्यायला त्याचं मन धजेना. त्यानं आईचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, "चूक आहेच. पण माझा हात फितूर झालाय. मला सवय झाली."

हर्षवर्धननं व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला, तक्रार उघडली आणि सुशांतसमोरच मान्य केली. मग अगदी हळू विचारलं, "सुशांत, तुझ्या हातानं अजून काय काय झाकलं असेल रे?"

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. घरी येताना सुशांतनं त्या प्रश्नात खोट पुष्कळ शोधली. एकही सापडली नाही.