खादाड स्पीकर आणि दमाचा ॲम्प्लिफायर

बेकरी मुलीच्या हाती सोपवल्यावर म्हाताऱ्या बेकरीवाल्याला घर खायला उठलं होतं. त्यातच मेहुणा लहान घरात राहायला गेला आणि जाताना आपले दोन थोराड स्पीकर त्याच्या गळ्यात मारून गेला. "भाऊजी, जपून हं. जरा खादाड आहेत," एवढंच म्हणाला.

त्याचा अर्थ लवकरच कळला. हळुवार गाणी झकास वाजत, पण नगारा सुरू झाला की घरातला जुना ॲम्प्लिफायर खट्कन बंद पडे. बायको आतून विचारी, "झोपला का परत?"

शेवटी नवरा-बायको दुकानात गेली. दुकानदारीण म्हणाली, "स्पीकरचा विरोध ओहममध्ये मोजतात. विरोध जितका कमी, तितका स्पीकर जास्त करंट ओढतो. तुमचे स्पीकर खर्जात दोन ओहमपर्यंत उतरतात. तिथे साधं मशीन हात टेकतं."

बेकरीवाल्याचं मन मात्र निळ्या दिव्यांच्या एका चकचकीत मशीनवर जडलं होतं. "वॅटचा आकडा बघ केवढा!"

"तो आठ ओहमच्या स्पीकरवरचा आकडा," दुकानदारीण म्हणाली. "दोन ओहमला काय देतं, ते लिहिलेलंच नाही. हे काळं बघा. आकडा लहान, पण विरोध निम्मा झाला की ताकद जवळजवळ दुप्पट होते. असं करा, दोन्ही घरी नेऊन वाजवा."

काळ्या मशीनमधला ट्रान्सफॉर्मर एवढा जड, की ते जिन्यावरून चढवताना शेजाऱ्यालाही हात लावावा लागला. "तिजोरी घेतलीत की काय?" त्याने धापा टाकत विचारलं.

आधी चकचकीत मशीन लावलं. ते बंद पडलं नाही. बायको मटार सोलत ऐकत होती. "चढ चढताना गप्पा मारणाऱ्या माणसासारखं वाटतंय. शब्द येतात, पण दम लागलेला कळतो."

"पण दिवे किती छान आहेत गं."

"दिवे ऐकायचेत का?"

मग काळं मशीन लावलं. नगारा घुमला, खिडकीची काच थरथरली, तरी प्रत्येक ठोका सुटा आणि स्वच्छ. बायकोने मटाराचं भांडं खाली ठेवलं. बेकरीवाला क्षणभर हिरमुसला होता, पण तोही नकळत मांडीवर ताल धरू लागला. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "राहू दे हेच."

काळं मशीन राहिलं. आता ऐकायला शेजारीही येतो. सोफ्याची मधली जागा, जिथे आवाज सगळ्यात चांगला येतो, ती मात्र बायकोची. बेकरीवाला कडेच्या खुर्चीवर बसतो आणि आवाज वाढवायचा की नाही, ते तिच्याकडे बघून ठरवतो.