गायरानातल्या पन्न्या

पर्यावरणशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा ते काय असतं हे मला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, धड सांगता आलं नाही. "कचरा वेगळा कसा करायचा, त्याचं खत कसं करायचं, उरलेलं कुठं न्यायचं, त्याचं शिक्षण," असं मी काहीतरी बोलले. आबा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे उकिरड्याचं शिक्षण."

"व्हय, तसंच समजा."

"अन् त्याची नोकरी लागती?"

"लागती म्हणतेत."

हिंगोलीच्या कॉलेजात आमचे एक सर होते, तेच तसं म्हणाले होते. आता प्रत्येक नगरपालिकेला या विषयातली माणसं लागणार, आपल्याकडच्या मुली इकडं येतच नाहीत, तू जा. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि पुढं शिकायला नांदेडला गेले.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात. घर गावाच्या शेवटच्या आळीत, घरामागं गायरान सुरू होतं. घरात आबा, माय, मी आणि आबांची थोरली बहीण. आत्या लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन परत आली होती आणि मला तिनंच वाढवलं, कारण माय दिवसभर लोकांच्या शेतात असायची. आत्याला दमा होता. हिवाळ्यात ती रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची. जमीन आमची थोडी, तीही कोरडवाहू. घर चालायचं ते मेंढरांवर आणि शेळ्यांवर. उन्हाळ्यात शेतकरी आमचा कळप आपल्या रानात बसवायचे, लेंड्यांच्या खतासाठी, आणि त्याबदल्यात ज्वारी द्यायचे.

दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प पहिल्या वर्षीच सुरू करायचा होता. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "शहरांवर सगळेच करतात. तू खेड्यावर कर, तुझ्याच." मी खूश झाले. घरी राहून अभ्यास होणार होता.

रोज सकाळी मी ताणकाटा आणि गोण्या घेऊन घरोघर जायचे. बाया हसायच्या. "आमचा कचरा मोजून राहिली का गं? शिकून शिकून हेच का?" पण गोणी द्यायच्या. ओला कचरा फारसा निघायचाच नाही. शिळी भाकरी, भाजीचे देठ, साली, सगळं दारातल्या जनावरांना जायचं. गोणीत यायच्या त्या पन्न्या, प्लास्टिकच्या पिशव्या. दुधाच्या, तेलाच्या, गुटख्याच्या पुड्या, लेकरांच्या खाऊची चकचकीत पाकिटं, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या, फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. हे सगळं पंचायतीचा ट्रॅक्टर गोळा करायचा आणि आमच्या घरामागं गायरानात नेऊन ओतायचा. पूर्वी कचरा ओढ्यात टाकायचे. ओढ्यात पाणी तुंबायला लागलं म्हणून जागा बदलली होती.

माझ्या प्रकल्पात त्या जागेचा नकाशा होता, फोटो होते. त्या फोटोंत आमची जनावरंही दिसायची. लोक उरलेली भाजी पन्नीत घालून गाठ मारून फेकायचे. मिठाचा, गोडाचा वास आला की जनावर गाठ सोडत बसत नाही.

मार्च महिन्यात आमची एक गाभण मेंढी चरायची बंद झाली. रवंथ नाही, पोट नगाऱ्यासारखं. आबांनी तिला गोडं तेल पाजलं, पोट चोळलं. तिसऱ्या दिवशी ती मेली. मग एक शेळी गेली, मग आणखी एक मेंढी. आबांना वाटलं साथ आली. सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर आले आणि त्यांनी ही शेवटची मेलेली मेंढी बाभळीखाली फाडली. पोटाच्या कोठ्यातून एक काळपट गोळा निघाला, लहान लेकराच्या डोक्याएवढा. डॉक्टरांनी तो काठीनं उकलला. पन्नीत पन्नी, दोऱ्या, सुतळी, आणि मध्ये एका पाकिटावरचा लाल रंग तसाच होता. तीही गाभण होती, पोटात पिल्लू होतं. लोकर फुटलेलं. माय पदर तोंडाला लावून घरात गेली.

"बाकीच्यांच्या पोटात पण असंल?" आबांनी विचारलं.

"असणारच," डॉक्टर म्हणाले. "औषध नाही याला. तिकडं नेऊ नका आता."

"मग कुठं नेऊ?"

डॉक्टर हात धुवायला गेले.

मीच आबांना म्हणाले, पंचायतीत जाऊन सांगा. ते गेले. मीही गेले. सरपंचांनी खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "कचऱ्यात जनावरं कशाला सोडता?"

"गायरान हाय ते," आबा म्हणाले. "जनावरांचंच हाय."

"व्हय, पण कचरा मग टाकायचा कुठं? तुमच्या दारात?"

आबा भांडणारे नव्हते. उठून आले. त्यानंतर चार-पाच दिवस ते कळप दूरच्या माळावर नेत होते, पण तिथं पाणी नव्हतं आणि वाटेत लोकांची रानं. एक दिवस दुपारी मी घरात आकडे लिहीत बसले होते तर जळका वास आला. मागं जाऊन पाहिलं. आबा ढिगाच्या कडेनं फिरत तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांच्या पेंढीनं पन्न्या पेटवत होते.

मी ओरडले, "आबा, नका जाळू! लई विषारी असतो हा धूर!"

ते थांबले. घामानं भिजले होते. म्हणाले, "अन् पोटात गेलेलं काय असतं मग?"

मला वर्गात शिकवलेलं सगळं येत होतं. प्लास्टिक जळताना कोणते वायू निघतात, ते शरीरात कुठं साचतात, मी परीक्षेत तोंडपाठ लिहिलं होतं. आबांच्या प्रश्नाला त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं. मी पाण्याची बादली आणायला पळाले आणि बादली आणेपर्यंत आग माझ्या आवाक्याबाहेर गेली होती.

वरची आग संध्याकाळपर्यंत विझली. आत मात्र ढीग धुमसत राहिला. पंचायतीनं टँकर ओतला, तेव्हा धूर आणखीच दाट झाला. वारा आमच्या आळीकडं होता. आत्यानं पहिल्या रात्री दारं-खिडक्यांना गोधड्या लावून घेतल्या. दुसऱ्या दिवशी तिला बोलताना वाक्य पुरं करता येईना. आम्ही तिला गावाच्या पलीकडच्या टोकाला मायच्या मावशीकडं नेलं, तिथून रिक्षानं हिंगोलीला. दवाखान्यात नाकावर मास्क लावलेला असताना तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही हवंय. ती म्हणाली, "तुझ्या बापाला रागावू नको."

ती बरी होऊन घरी आली, पण पहिल्यासारखी झाली नाही. अंगणातून न्हाणीपर्यंत जाताना दोनदा टेकायची. पोळ्याच्या आधी एका सकाळी माय चहा घेऊन गेली तर ती बसल्या जागीच गेली होती. डॉक्टर म्हणाले, दमा जुना होता, वय होतं, धुरानंच असं म्हणता येत नाही. मी हे आबांना दोनदा सांगितलं. ते दोन्ही वेळा "बराबर हाय" म्हणाले. पण तिच्या दहाव्याला जेवायला बसले नाहीत, आणि त्यानंतर त्यांचं बोलणंच कमी झालं.

त्या सप्टेंबरात मी ग्रामसभेत उभी राहिले. प्रकल्प वाचून दाखवला. गोळा करतानाच दोन गोण्या करा, पन्न्यांसाठी गावाबाहेर पत्र्याची शेड बांधा, तिथून त्या भंगारवाल्याला द्या, गायरान मोकळं करा. लोकांनी ऐकलं. खरंच ऐकलं. सरपंच म्हणाले, "गावची लेक शिकली, चांगलं वाटलं." शेड मंजूर झाली आणि चार महिन्यांत उभीही राहिली. नारळ फोडताना त्यांनी मला पुढं बोलावलं. माझा फोटो हिंगोलीच्या पेपरात आला. आबा त्या कार्यक्रमाला आले नाहीत.

शेडला कुलूप लागलं. दोन गोण्यांत कचरा द्यायला काही घरं तयार होती, पण ट्रॅक्टरला कप्पा एकच होता. वर सगळं एकत्रच पडायचं. मी विचारलं की उत्तर यायचं, करू, पुढच्या महिन्यात करू. काही दिवसांनी शेडमध्ये सिमेंटच्या गोण्या दिसल्या, कुणाच्या तरी बांधकामाच्या. ट्रॅक्टर गायरानातच जात राहिला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या अभ्यासाचा गावाला काय फायदा झाला?" मी शेडचं सांगितलं. कुलपाचं सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "छान, छान," आणि पान उलटलं. मला पहिला वर्ग मिळाला.

निकालाच्याच आठवड्यात आबांनी कळप विकला. व्यापारी पिकअप घेऊन आला तेव्हा मी घरी होते. आबांनी एकेका जनावराला स्वतः उचलून गाडीत चढवलं. एक म्हातारी शेळी चढेना. पुढचे पाय टेकवून मागं ओढत होती. व्यापारी काठी घेऊन आला तसे आबा म्हणाले, "मारू नको, येती ती." त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हटलं, आम्हाला ऐकू आलं नाही. ती चढली. गाडी गेल्यावर ते मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात गेले, झाडू घेतला आणि लेंड्या गोळा करत बसले. माय म्हणाली, "राहू द्या आता." त्यांनी सगळा वाडा झाडून काढला.

मी आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शहरात कचरा वर्गीकरण केंद्रावर काम करते. सकाळी सहाला गाड्या यायला लागतात. सरकत्या पट्ट्याशी उभ्या असलेल्या बायांवर देखरेख, वजनं, अहवाल. काम चांगलं आहे असं मी घरी सांगते. इथं बरंचसं खरंच वेगळं होतं, आणि बरंचसं पट्ट्यावरून तसंच पुढं जातं.

आबा हळद काढणीच्या दिवसांत कुरुंद्याकडं हळद शिजवायच्या कामावर जातात, एरवी मिळेल तिथं रोजानं. गुडघे दुखतात त्यांचे. फोनवर मला एवढंच विचारतात, जेवलीस का. यंदा दिवाळीला गेले तेव्हा मायनं माझ्यासमोरच विषय काढला, एक शेळी घेऊ का, दारात बांधायला, चहाच्या दुधापुरती.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं, आणि पाणी प्यायला आत गेले. मायनं पुन्हा विचारलं नाही.