उपवासाचं बाधत नाही
मुलीला शेंगदाणे चालत नाहीत, हे डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं होतं. रोजच्या भाजीत कूट घालणं त्यांनी बंद केलं, मान्य. पण एकादशीला आम्ही तिघी मिळून साबुदाण्याची खिचडी करत होतो, मुलगी बटाटे सोलत होती. मी कपडे वाळत घालून येईपर्यंत सासूबाईंनी मूठभर कूट घालून तिला वाढलंही होतं. वर म्हणाल्या, “उपवासाचं बाधत नाही.”

चार घासांत मुलीचे ओठ सुजले, धाप लागली. नवरा हडपसरच्या कंपनीतून थेट हॉस्पिटलात आला.

संध्याकाळी तिला घेऊन घरी आलो, तर ओट्यावर माझ्या वाटणीची तीच खिचडी झाकून ठेवलेली. “खाऊन घे, अन्न टाकू नये,” सासूबाई म्हणाल्या.

मुलगी कशी आहे हे विचारणं बहुधा उपवासाला चालत नसावं.