डावखुऱ्याची भोंगामावशी

भोंगामावशी माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. तिला मावशी म्हणायचा पहिला हक्क माझा. पण गावानं तो कधीच वाटून घेतला. मला त्याचं वाईट वाटत नाही. असा आवाज एका घरात मावणारा नव्हता.

भोंगा हे नाव तिला थिएटरनं दिलं. थिएटर म्हणजे पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं आणि समोर पांढरा पडदा. सिनेमे यायचे ते परक्या भाषेतले, आणि त्यातही घोड्यांचे जास्त. ओसाड माळ, टोपीवाले स्वार, कमरेला पिस्तूल आणि धूळ. धूळ आम्हाला कळायची, बोलणं कळायचं नाही. म्हणून मालकानं एक सांगणारा ठेवला होता. पडद्यावर ओठ हलले की तो माईकवरून आमच्या भाषेत बोलायचा. एके दिवशी तो माणूस कुणाला न सांगता गाव सोडून गेला. मावशी तेव्हा थिएटरात झाडलोट करायची आणि बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची. मालक डोक्याला हात लावून बसलेला पाहून ती म्हणाली, "मी बोलू का?"

"तुला ती भाषा येते?"

"त्याला तरी कुठे येत होती?"

मालकानं तिला पडदा ओलांडून पाठीमागे बसवलं. म्हणाला, "पुढे उभी राहिलीस तर लोक सिनेमा सोडून तुझ्याकडे बघतील." मावशी तेव्हा तरणी होती, आणि दिसायला आमच्या आईपेक्षा उजवी, हे आईसुद्धा कबूल करायची. पडद्यामागे एक स्टूल, दोन्ही अंगांना दोन भोंगे, आणि मध्ये ही. कापड पातळ होतं. चित्र मागूनही दिसायचं, जरा फिकं, पाण्यातून पाहिल्यासारखं. सुरुवातीची नावं तिकडून उलटी दिसायची, पण ती परकी अक्षरं तिला सुलटीही वाचता आली नसती. त्यामुळे वावगं असं काही तिला वाटलं नाही. त्या स्टुलावर तिची सगळी उमेदीची वर्षं गेली. लग्न झालं, नवरा गेला, मुलगी मोठी होऊन सासरी गेली, आणि हिनं पुढच्या बाजूनं एकही सिनेमा पाहिला नाही.

आता त्या सिनेमाबद्दल. एक एकटा स्वार एका सुकलेल्या गावात येतो. गावातली एकुलती एक विहीर एका दांडग्यानं बळकावलेली असते. स्वार ती सोडवतो आणि जातो. एवढीच गोष्ट. पण पहिल्याच खेळाला, स्वारानं पिस्तूल उपसलं आणि मावशीच्या तोंडून भोंग्यातून निघून गेलं, "अगं बाई, हा तर डावखुरा!"

पत्र्याखाली असा हशा पिकला की वरची कबुतरं उडाली. मावशीला कळलं, धागा सापडला. पुढच्या खेळांना तिनं तो कातत नेला. लहानपणी त्याचा बाप त्याचा डावा हात पाठीशी बांधून ठेवायचा. शाळेत पट्टी बसायची ती डाव्याच हातावर. विहिरीवरचा दांडगा त्याला हसायचा, "त्या हाताला पाणी तरी ओढता येतं का रे?" आणि शेवटी, दांडगा धुळीत पडला की, मावशी थांबायची. सगळं थिएटर थांबायचं. मग भोंग्यातून यायचं, "सलामाला उजवा. न्यायाला डावा."

हे वाक्य आमच्याकडची दोन पोरं भांडली तरी म्हणायची. सिनेमा दरवर्षी यायचा, आणि दरवर्षी आम्ही जायचो. थिएटरच्या पेंटरनं सिनेमाची पाटी रंगवली तीसुद्धा मावशीचं ऐकून: पिस्तूल डाव्या कमरेला.

ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय तो आमचा न्हावी. त्याचा बापही न्हावी होता. पोरगा डावखुरा निघाला म्हणून बापानं त्याचा डावा हात टॉवेलनं कमरेला जखडून ठेवला होता, कारण डाव्या हाताचा वस्तरा गळ्याला लावून घ्यायला गिऱ्हाईक धजत नसे. पोराच्या उजव्या हाताला वळण काही येईना. एकदा बाप दुकान बंद करून तो सिनेमा पाहून आला. सकाळी त्यानं टॉवेल सोडला, पोराच्या डाव्या हातात वस्तरा दिला आणि स्वतःच खुर्चीत बसून मान वर केली. त्यानंतर गिऱ्हाइकं म्हणायला लागली, मला दाढी डावखुऱ्याकडूनच करायची. आज त्या पोराचे केस पांढरे झालेत, आणि दुकानावर पाटी आहे: डावखुरा केशकर्तनालय.

थिएटर बंद पडून त्याचं सिमेंटचं गोदाम झालं. पेंटरची ती पाटी न्हाव्यानं मागून आणली आणि खुर्चीच्या मागच्या भिंतीला लावली. मावशीचं घर दुकानाला लागूनच. दुपारी ती दुकानाच्या बाकावर येऊन बसते, शेंगा सोलते, आणि दाढीच्या साबणाच्या वासात गावाच्या बातम्या ऐकते. ती आली की न्हावी आपोआप रेडिओ बंद करतो. इतका मान मी कुठल्या पाहुण्याला दिलेला पाहिला नाही.

आणि मग बातमी आली की तोच सिनेमा कुणीतरी नव्यानं काढलाय.

शहरात तो लागल्यावर दुकानातली मंडळी जीप करून गेली. न्हावी, पाव भाजणारा भट्टीवाला, आमचा तरणा वायरमन आणि मी. मावशीचे गुडघे धड नव्हते, ती आली नाही. बोलणं सगळं दुसऱ्या दिवशी दुकानात फुटलं.

वायरमन खुर्चीत होता, अर्ध्या तोंडाला फेस. "काका, खरं सांगा, घोडी कशी पळवलीत! टापा माझ्या पोटात वाजत होत्या."

"तुझं पोट रिकामं असेल," भट्टीवाला म्हणाला. "जुन्यात तो नुसता विहिरीकडे बघायचा तरी आपला घसा सुकायचा. नव्यात सारखं धाडधाड. पाव भट्टीत टाकून लगेच ओढल्यासारखा. वरून भाजलेला, आत पीठ."

"तुम्हाला सगळ्यात पावच दिसतो."

"माझ्या पावानं मोठा झालास, लक्षात ठेव."

"आणि जुन्यात तरी काय होतं हो? अर्धा वेळ नुसता माळ."

न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. "माळ राहू दे. घोडी राहू दे. त्यांनी त्याला उजवा का केला?"

"काका, पुन्हा तेच?"

"तेच! अरे, सबंध सिनेमा त्या हातावर उभा आहे. बापानं बांधलेला हात. तो बापच नाही यात. पट्टी नाही. 'न्यायाला डावा' नाही. मग उरलं काय? एक माणूस येतो, गोळ्या घालतो आणि जातो. असे तर रोज येतात."

वायरमन आरशात बघत हसला. मागच्या भिंतीवरची पाटी त्याला आरशात दिसत होती. "इथून बघितला तर तुमचाही उजवाच दिसतो की."

"आरशात तुझी अक्कलही दुप्पट दिसत असेल."

"नाही पण काका, समजा जुन्यातही तो उजवाच असला तर? मी तर जन्मलोही नव्हतो तेव्हा. तुम्हाला तरी नीट आठवतंय का?"

बाकावर मावशी शेंगा सोलत होती. ती हसली, कारण तिला खात्री होती. न्हावी मात्र लालबुंद झाला. वस्तरा वायरमनच्या गळ्यापासून बोटभर अंतरावर धरून तो म्हणाला, "जुन्या सिनेमात तो डावखुरा नसला, तर मी वस्तरा उजव्या हातात धरीन. जन्मभर. आणि दुकानावरची पाटी उतरवीन. मावशींच्या समोर सांगतो."

"कबूल," वायरमन मान न हलवता म्हणाला. "आधी तो वस्तरा बाजूला घ्या."

हसण्यावारी गेलं सगळं. पण आम्हाला माहीत होतं, हा माणूस बोललेलं फिरवत नाही. आणि उजव्या हातानं त्याला धड दोरा कापता येत नाही.

वायरमननं जुना सिनेमा कुठूनसा मोबाइलवर मिळवला. दुकानाच्या सुटीच्या दिवशी, दुपारी, तो त्यानं भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. न्हाव्यानं आपली फिरती खुर्ची पुसून मावशीला बसवलं, पायाखाली पाट दिला. "मावशी, आज तुम्ही समोरून बघायचा."

मावशी लाजली. "इतक्या जवळून? तो मला बघेल की रे."

"बघू दे. तुमच्याशिवाय त्याला कोण ओळखत होतं?"

सिनेमा सुरू झाला. भाषा तीच परकी. भट्टीवाल्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला आणि मावशीकडे पाहिलं. तिनं घसा साफ केला. आवाजाला आता खरखर आलेली, पण स्वार माळावर दिसला आणि ती बोलायला लागली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गावचे रस्ते बदलले, माणसं गेली, पण हा आवाज जसा होता तसाच वाट चालून आमच्यापर्यंत आला होता. वायरमननं पहिल्यांदाच तो सिनेमा असा ऐकला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मग विहिरीचा प्रसंग आला. दांडगा हसला. मावशी म्हणाली, "आणि आता बघा, त्याचा डावा हात..."

स्वारानं उजव्या हातानं पिस्तूल उपसलं.

मावशी थांबली. वायरमननं चित्र मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा उजवा. त्यानं चित्र तिथंच थांबवलं. पडदाभर समोर तोंड करून उभा माणूस, क्षणभराची हालचाल, सगळीकडे धूळ आणि कानात मावशी: आम्ही एवढी वर्षं डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं, ऐकलं होतं.

"पण मी पाहिला ना," मावशी पुटपुटली. "रोज पाहिला. डावाच होता." मग तिनं आपले दोन्ही हात समोर धरले, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "मी मागून बघत होते रे. पडद्याच्या मागून."

न्हावी उठला. फळीवरचा वस्तरा घेतला आणि उजव्या हातात धरला. "बोललो होतो मी," तो म्हणाला. "कोण बसतंय?"

"मला माझा गळा लागतो," भट्टीवाला हळूच म्हणाला, पण हसलं कुणी नाही.

मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्यामुळे झालं हे. त्या स्वाराचं सगळं आयुष्य मी चुकीच्या बाजूनं बघून सांगितलं. मला काही म्हण, पण ती शपथ मोड बाबा."

न्हाव्यानं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं खालीच बैठक मारली, तिच्या पाटाजवळ, वस्तरा मांडीवर ठेवून. "मावशी, मालकानं तुम्हाला पुढे उभं केलं असतं तर काय झालं असतं?"

"काय होणार? खरं सांगितलं असतं."

"आणि माझा बाप तो टॉवेल सोडल्याशिवाय मेला असता." न्हावी म्हणाला. "मी इतकी वर्षं त्या टोपीवाल्याचे उपकार मानत होतो. त्यानं काहीच केलं नव्हतं. ते तुम्ही केलंत. मला माहीतच नव्हतं, आभार कुणाचे मानायचे ते. आज कळलं."

मावशीनं पदर डोळ्यांना लावला. "मग तो वस्तरा टाक."

"शपथ शपथ असते."

तेव्हा वायरमन पुढे आला. त्यानं मावशीला हाताला धरून बाकावर बसवलं, स्वतः खुर्चीत बसला, ब्रश बुडवून आपल्याच तोंडाला फेस लावायला लागला. "काका, शपथ माझ्यापुढे घेतलीत ना? मग ती माफ करायचा हक्कही माझा. दाढी करायची असेल तर डाव्या हातानं करा. नाहीतर मी निघालो समोरच्या सलूनमध्ये, आणि गावभर सांगेन की डावखुऱ्यानं गिऱ्हाईक परत पाठवलं."

"समोरचा केस ओढून काढतो," न्हावी म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय."

न्हावी उठला. वस्तरा त्यानं या हातातून त्या हातात घेतला. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला, तो भट्टीवाल्याचाच मोठा ऐकू आला.

"चित्र फिरवून देऊ का?" वायरमन फेसातून म्हणाला. "मोबाइलवर होतं. डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा."

"नको," न्हावी म्हणाला. "हा राहू दे उजवाच. बिचाऱ्याची काय चूक? नव्यावाल्यांनाही मी उगाच शिव्या दिल्या. हातापुरत्या परत घेतो. घोड्यांच्या घेत नाही." मग तो बाकाकडे वळला. "मावशी, आपला तो वेगळा होता. पण हा समोरचा कोण आहे, ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगा."

"मला काय माहीत हा कोण?"

"तेव्हा तरी कुठे माहीत होतं?"

मावशी टीव्हीकडे बघत राहिली. स्वार धुळीत थांबलेला, उजवा हात पिस्तुलावर. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं, कंदिलाची काच पुसल्यासारखं. तिनं बाकावर बैठक नीट केली, पाठ ताठ केली, जशी स्टुलावर करत असेल. वायरमननं फेसाळ बोटानं सिनेमा पहिल्यापासून लावला.

"बघा," ती म्हणाली, "हा जो लांबून येतोय ना, याचा एक थोरला भाऊ होता. डावखुरा. त्याच्याबद्दल तुम्ही ऐकलंच असेल."

न्हाव्याचा डावा हात वायरमनच्या गालावरून संथ फिरत होता. भट्टीवाल्यानं दुकानाचं दार पुढे ओढून घेतलं, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून.