आमच्या दारातला दूधकट्टा

शाहूपुरीत आमच्या घरापुढे मोकळी जागा आहे. कागदोपत्री ती आमचीच. आजोबांनी तिथं दगडी कट्टा बांधला आणि कुंपण मात्र मुद्दाम घातलं नाही. रोज संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा कोमट ग्लास हातात देतात. दूध न पिणारेही कट्ट्यावर बसून राजकारणाचा नि कुस्त्यांचा निकाल लावूनच उठतात. शाळेत असल्यापासून मला या कट्ट्याचा भारी तोरा. लग्न होऊन गावातच राहिले, तरी तो उतरलेला नाही.

यंदा दादाने गेट लावायचं काढलं. जागा अशीच उघडी ठेवलीत तर उद्या लोक हक्क सांगतील, असं कुण्या वकिलाने त्याच्या डोक्यात भरवलं होतं. दादाचं अगदीच चूक नव्हतं. पण गेट लागलं की म्हशी जाणार, आणि म्हशींमागोमाग माणसं. माझा जीव तुटत होता. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आबा, म्हणजे आमचे वडील, वरच्या मजल्यावरच पडून होते. "करा काय करायचं ते," एवढंच ते म्हणाले. त्याचा मला फार राग आला.

गेटवाला यायचा होता त्या दिवशी मी आबांना डॉक्टरांना दाखवून आणलं आणि गाडी थेट कट्ट्यापुढे उभी केली. दादा आणि गेटवाला टेप धरून माप घेत होते. आबांना उतरवतेय तोच कट्ट्यावरून आवाज आला.

"ओ पावणं, गाडी काढा की हितनं! म्हसरं यायची येळ झाली."

बोलणारा नवखा होता. नोकरीसाठी शाहूवाडीहून अलीकडेच आलेला, हे नंतर कळलं. आबांना त्याने कधी पाहिलेलंच नव्हतं.

"थांबा की जरा," मी म्हटलं.

"का म्हणून? तुमच्या घरची जागा हाय व्हय ही? पब्लिकची हाय!"

दादा तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी त्याचा हात दाबला. "व्हय, चुकलं आमचं," ते म्हणाले आणि मला गाडी काढायला लावली. मी परत आले तर आबा त्याच्याच शेजारी ऐसपैस बसलेले. मीही टेकले.

म्हशी आल्या. गवळ्याने आबांना पाहून हात जोडले, पण आबांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या नवख्याने दोन ग्लास घेतले आणि एक आबांपुढे धरला.

"घ्या पावणं. आमच्या कट्ट्यावरचं दूध पिऊन तर बघा!"

आमच्या कट्ट्यावरचं! माझा ऊर असा भरून आला की आजोबा असायला हवे होते, असं वाटलं. आबांनी ग्लास एका दमात संपवला, मिशीवरचा फेस पुसला आणि दादाकडे बघून हळूच म्हणाले, "लाव बघू आता गेट!"

दादाने गेटवाल्याला परत पाठवलं आणि तोही कट्ट्यापाशी आला.

"सरका की वाईच," तो नवखा आबांना नि मलाच म्हणाला, "ह्या पावण्यास्नी बसू द्या."