रायफलचा पुसलेला नंबर

आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, खाडीतल्या मच्छीमारांसाठी पत्रकं लिहायचे. मी लहानपणी त्यांच्या घड्या घातल्या आणि कॉलेजात गेल्यावर ती लिहायलाही लागले. १९९९ च्या निवडणुकीआधी आम्ही एका कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध पत्रक काढलं होतं आणि ते बऱ्याच जणांना झोंबलं होतं. त्यामुळे सकाळी रायफल जमा करायला पोलीस ठाण्यात गेलेले अण्णा दुपारपर्यंत परतले नाहीत, तेव्हा माझ्या डोक्यात नव्या पत्रकाचा मथळा तयार झाला. मी रिक्षा पकडली.

रायफल आजोबांची. नेमबाजीच्या क्लबातल्या एका साहेबाने मायदेशी जाताना त्यांना विकलेली. पुढे परवाना अण्णांच्या नावावर झाला आणि निशाणावर चालायची ती कलमांच्या बागेत डुकरांवर चालू लागली. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची. जुने हवालदार परवान्यावरचा नंबर तसाच वहीत उतरवून घेत. या वेळचे फौजदार नवे होते, घाटावरचे. त्यांनी रायफल खिडकीशी नेऊन उलटीसुलटी पाहिली. परवान्यात लिहिलं होतं: एकबारी रायफल, विलायती, आणि पुढे पाच आकडे. रायफलवर एक अक्षर नव्हतं.

मी पोचले तेव्हा अण्णा टेबलासमोर उभे होते. फौजदारांनी मला सरळ सांगितलं की ही एक तर गावठी आहे, नाही तर नंबर मुद्दाम खोडलाय, आणि दोन्हींत अटक होते. चार वाजता पंचनाम्याला पंच येणार होते. हे सगळं त्या पत्रकामुळे चाललंय, असं मी आवाज चढवून म्हणाले.

"ताई, भाषण बाहेर करा. मला नंबर दाखवा."

अण्णांनी मला त्यांच्या जुन्या दोस्ताला, चाचांना, आणायला पाठवलं. चाचा बंदराजवळ मिरकरवाड्यावर राहायचे. तीस वर्षं जहाजावर फिटर होते, निवृत्त होऊन घरी बसले होते. मी धापा टाकत काय झालं ते सांगितलं. त्यांनी दोन स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची बाटली फडक्यात गुंडाळली, टोपी घातली आणि निघाले.

ठाण्यात त्यांनी आधी फौजदारांची परवानगी घेतली, मग चापाखालची कडी खाली ओढली. आतला पोलादी ठोकळा पुढच्या बाजूने खाली बसला आणि नळीचं तोंड उघडं पडलं. आत काडतूस नाही हे पाहून चाचांनी कडी दोनतीनदा वरखाली केली. जहाजावर दोर फेकायची बंदूक असायची, ती अशाच यंत्राची, ते म्हणाले. तिचा घोडा बाहेर नसतो, सगळं त्या ठोकळ्याच्या पोटात. एवढा नेमका ठोकळा गावठी लोहाराला बसवता येणार नाही. मग त्यांनी यंत्राच्या बाजूची दोन बुजवलेली भोकं दाखवली. तिथे बारीक छिद्राची चकती बसवत असणार, नेम धरायला. नळीही शिकारीच्या रायफलीपेक्षा जाड. म्हणजे निशाणाची, आणि विलायती.

"कुठल्या कंपनीची?" फौजदारांनी विचारलं.

चाचांनी अंगठा यंत्रावर फिरवला आणि वर पाहिलं. "ह्याला पॉलिश पेपर कुणी मारला?"

मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे दसऱ्याला कुंकू, फुलं नसत, पण हत्यारं स्वच्छ व्हायची. कोयती, कुऱ्हाड, रायफल. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड आठवड्यात गंजतं. बारा वर्षांची झाल्यापासून रायफल साफ करायचं काम माझ्याकडे होतं. मी तिला पॉलिश पेपर मारायचे, वर खोबरेल लावायचे, चांदीसारखी करून अण्णांना दाखवायचे, आणि ते शाबासकी द्यायचे. यंत्रावर पुसट अक्षरांची एक ओळ होती. तिच्यात गंज अडकायचा म्हणून तिथे मी जास्त घासायचे.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. गप्प बस. ज्या माणसाने मला जन्मभर खरं बोल म्हणून सांगितलं, तो मला गप्प राहायला सांगत होता. मला वाचवण्यासाठी, हे मला समजत होतं, तरी राग आला.

"मी घासलंय," मी म्हणाले. "सात-आठ वर्षं. दर दसऱ्याला."

हवालदार हसला. "देव्हाऱ्यातली समई वाटली की काय?" फौजदार हसले नाहीत. त्यांनी कोरा कागद ओढला आणि पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं, मी सही केली. अण्णा भिंतीकडे पाहत होते.

चाचांनी फौजदारांचा अंगठा मागितला आणि रायफलवर ठेवला. नंबर खोडणारा कानस मारतो, तेवढ्या जागी खळगा पडतो. इथे सगळ्याच कडा गोल झाल्यात, स्क्रूची डोकीसुद्धा. "तरी माझ्या सांगण्यावर जाऊ नका, साहेब. नळीखालचं लाकूड काढतो, तिथंही कधी नंबर मारलेला असतो. तिथं ह्या पोरीचा हात पोचलेला नाही."

"आणि तिथे नसला तर?"

"तर नसला."

लाकडाला खालून एकच स्क्रू होता. त्याची खाच मीच घासून उथळ केली होती. स्क्रूड्रायव्हर पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला. डोकं तुटलं असतं तर लाकूड फोडावं लागलं असतं. चाचांनी तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत हात बांधून बसून राहिले. बाहेर पंच आले होते, पान खात उभे होते. चारला दहा मिनिटं होती. चाचांनी फडकं गुंडाळून, सगळं वजन टाकून पुन्हा पीळ दिला. बारीक करकर झाली. मला वाटलं, तुटला.

फिरला होता.

लाकडाखाली वाळलेलं काळं ग्रीस होतं. ते पुसल्यावर आधी एक मुकुटासारखा ठसा दिसला, मग आकडे. फौजदार स्वतः वाकले आणि एकेक मोठ्याने वाचू लागले. अण्णांनी परवाना डोळ्यांजवळ धरला होता. चार. एक. तिसऱ्या आकड्यात ग्रीस होतं, चाचांनी ते काडीने टोकरलं. सात. शून्य. शेवटचा तीन आहे की आठ, यावर फौजदार थांबले. ते रायफल घेऊन खिडकीशी गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

"तीन," ते तिथूनच म्हणाले.

परवान्यातही तीनच होता. अण्णांनी तो खाली ठेवला. सकाळपासून ते उभेच होते. आता बाकावर बसले आणि हवालदाराकडे पाणी मागितलं.